एकट्याने रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचा बँड कसा उभा करायचा

२००६ च्या नोव्हेंबरात जस्टिन व्हर्नन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात जाऊन राहिला. आधीचा बँड फुटला होता, आजारपणही झालं होतं. तिथल्या तीनेक महिन्यांत, एक शुअर एसएम ५७ माईक, एक जुनी सिल्व्हरटोन गिटार आणि एक कॉम्प्युटर एवढ्या सामानावर त्याने बरंचसं रेकॉर्डिंग एकट्याने केलं. २००७ मध्ये 'बोन इव्हेर' या नावाने त्याने अल्बमच्या ५०० सीडी स्वतःच काढल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये तोच अल्बम जॅगजॅगुवार या लेबलने बाजारात आणला आणि २०१२ मध्ये 'बोन इव्हेर'ला दोन ग्रॅमी मिळाले. त्यांतला एक 'सर्वोत्तम नवोदित कलाकार' म्हणून. पहिला अल्बम येऊन तोवर साडेचार वर्षं झाली होती!

जंगलातल्या घराची ही गोष्ट सगळेच सांगतात. घरात बसून गाणी करणाऱ्याच्या कामाचा भाग मात्र त्यापुढचा आहे. एकाच गळ्याचे थरावर थर चढवून केलेली गाणी मंचावर तीन-चार माणसांनी कशी उभी केली, आणि तरीही तो एका माणसाचा प्रकल्प कसा राहिला? बँड बहुतेक वेळा याच ठिकाणी अडखळतात. साथीदार मिळतात, तालमी होतात, आणि मग कळतं की गाण्यातलं नेमकं काय सोडायचं नाही हे ठरलेलंच नव्हतं. नाव कोणाचं, पैसा कसा वाटायचा, तेही नव्हतं.

रेकॉर्ड करतानाच वही ठेवा

पुढे बँड करायचा विचार असो वा नसो, प्रत्येक गाण्यासाठी वहीचं एक पान ठेवा. त्यावर गिटारचं ट्यूनिंग, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) कितव्या घरात, गाण्याची पट्टी, लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), माईक कुठे ठेवला आणि आवाजाचे एकूण किती ट्रॅक हे लिहा. इंडी फोकमध्ये, म्हणजे अशा घरगुती, लोकसंगीताच्या वळणाच्या गाण्यांत, गिटार बरेचदा सरळ ट्यूनिंगमध्ये नसते. आठ महिन्यांनी गिटारवाल्याला गाणं शिकवायला बसलात आणि चौथी तार कुठे लावली होती हे आठवलं नाही, तर एक अख्खी तालीम त्यातच जाते.

ओपन सी ट्यूनिंगचं उदाहरण घ्या. जाड तारेकडून मोजलं तर स्वर येतात सी-जी-सी-जी-सी-ई. म्हणजे सहावी तार ई वरून चार अर्धस्वर खाली सी वर येते. बाराच्या सेटमधली (ज्यात सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची असते) ०.०५३ इंचाची नेहमीची तार इतकी खाली आणली की सैल पडते आणि फ्रेटवर झणझणते. घरी माईकसमोर हळू वाजवताना हे खपतं. मंचावर हात जड पडतो, तेव्हा खपत नाही. सहावी तार ०.०५६ किंवा ०.०५८ ची लावा आणि तेही वहीत लिहा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे शून्य सेकंदापासून सुरू होणारे, कोणताही इफेक्ट न लावता एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी जपून ठेवा. हेच स्टेम्स पुढे तालमीचं पाठ्यपुस्तक होतात. सॉफ्टवेअरची फाइल दोन वर्षांनी उघडेलच याचा भरवसा नाही. डब्ल्यूएव्ही फाइल उघडते.

नाव

एकट्याने सुरुवात करतानाच स्वतःच्या नावाऐवजी प्रकल्पाला वेगळं नाव दिलं तर पुढे माणसं जोडणं सोपं जातं. 'अमुक तमुक आणि मंडळी' म्हटलं की मंडळी कायम मंडळीच राहतात. व्हर्ननने 'चांगला हिवाळा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांतला एक एच काढून टाकला आणि नाव तयार केलं. त्यामुळे ते एकाच वेळी एका माणसाचंही होतं आणि नऊ जणांच्या ताफ्याचंही. फ्लोरिडात फिल्मचे वर्ग घेता घेता घरच्या चार-ट्रॅक यंत्रावर गाणी करणाऱ्या सॅम बीमनेही 'आयर्न अँड वाईन' हे नाव घेतलं होतं. २००२ मध्ये सब पॉप लेबलने त्याचा पहिला अल्बम काढला तेव्हा आवाज त्याच्या एकट्याचाच होता. पुढे त्याच नावाखाली मोठा वाद्यवृंद आला आणि कोणाला खटकलं नाही.

नाव ठरवण्याआधी ते स्पॉटिफाय, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर शोधा. देवनागरीत आणि रोमनमध्ये, रोमनमधल्या निदान तीन स्पेलिंगांनी. त्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर तुमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात, आणि ती सोडवून आणायला आठवडे लागतात. ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट करता येतो. मनोरंजन वर्ग ४१ मध्ये येतं, रेकॉर्डिंग वर्ग ९ मध्ये. अर्ज कोणाच्या नावाने करायचा हा प्रश्न पैशांच्या भागात पुन्हा येईल. तूर्त एवढंच की बँड जमायच्या आधी केलेला अर्ज तुमच्या नावाने होतो आणि त्यावरून भांडण होत नाही.

पहिलं प्रकाशन

हे काम गाजावाजा न करता करायचं असतं. वितरकाकडे, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणी निदान चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि ते फक्त अप्रकाशित गाण्यासाठीच करता येतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. बहुतेक वितरक तो स्वतःच देतात. तो वहीत उतरवून घ्या, कारण वितरक बदलताना तोच क्रमांक पुढे नेला नाही तर जुन्या गाण्याचे ऐकण्याचे आकडे मागे राहतात.

गीतकार आणि संगीतकार या रकान्यांत कायदेशीर नाव, कलाकाराच्या रकान्यात प्रकल्पाचं नाव. घाईत दोन्हीकडे प्रकल्पाचं नाव टाकलं जातं. मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सदस्यत्व घ्यायला गेलं की नोंदी जुळत नाहीत.

सीडी किंवा कॅसेट काढायचीच असेल तर १०० च्या वर जाऊ नका. व्हर्ननच्या ५०० प्रतींचं मोल विक्रीत नव्हतं. त्यांतल्या काही नेमक्या माणसांच्या हाती पडल्या.

कोणाला घ्यायचं, कोणत्या क्रमाने

रेकॉर्डवर ढोल (म्हणजे ड्रम्स), बास, हार्मोनियम, व्हायोलिन असं जे जे आहे त्याची यादी करून प्रत्येकासाठी एक माणूस शोधायला निघालात, तर सहा जणांचा, कोणालाही न परवडणारा बँड तयार होतो. अशा गाण्यांत सर्वांत महाग गोष्ट म्हणजे आवाज. म्हणून गाणारी माणसं आधी घ्या. वाजवता येणं ही दुसरी अट.

'बोन इव्हेर'चा पहिला साथीदार शॉन केरी हा ढोलवादक. विस्कॉन्सिनमधल्याच ओ क्लेअर शहरातल्या विद्यापीठात तालवाद्य शिकलेला. त्याने मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर गाणी ऐकून ती वाजवायला आणि गायलाही बसवली होती, आणि सुरुवातीच्या एका कार्यक्रमाच्या वेळी तो स्वतःच व्हर्ननला जाऊन भेटला. दुसरा माइक नॉयस. शाळेच्या वयात तो व्हर्ननकडे गिटार शिकायला यायचा. मॅथ्यू मॅकॉहन २००८ मध्ये आला, त्याच्याकडे बास, ढोल आणि आवाज असं तिन्ही होतं. चौघंही गाणारे. निवड अशी असेल तर पहिले दहा कार्यक्रम सोपे जातात.

दोघांपासून सुरू करा. तिसरा माणूस तिसऱ्या महिन्यात घ्या, चौथा लागला तर. प्रत्येकाला घेण्यापूर्वी तीन गाण्यांचे स्टेम्स द्या आणि आठवड्याने भेटा. कॉर्ड बिनचूक आले पण गाण्याचे शब्द माहीत नाहीत, असा माणूस उत्तम साथीदार असू शकतो. तुमच्या या कामाचा नाही.

थर उलगडणं

गाणं टिकतं किंवा पडतं ते इथे. समजा एका गाण्यात चौदा ट्रॅक आहेत: दोन गिटार, आठ आवाज, एक किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), एक टेबलावर मारलेली थाप, एक कीबोर्डचा लांब सूर आणि बाहेरच्या पावसाचा आवाज. एक-एक ट्रॅक बंद करून पहिलं कडवं दोनदा ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना ज्याची उणीव जाणवली तो ठेवायचा. जो बंद आहे हे लक्षातच आलं नाही तो गेला. पावसाचा आवाज हमखास जातो. टेबलावरची थाप बहुतेक वेळा राहते, आणि ती राहते याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

आठ आवाजांचं काय करायचं? त्यांत सहसा तीन प्रकार असतात. एक, मुख्य आवाज आणि त्याच सुरात दुसऱ्यांदा गायलेली त्याची जोड. दोन, वेगळ्या सुरांतल्या हार्मनीच्या ओळी. तीन, नुसते आ-ऊ. पहिल्या प्रकारातली जोड दुसऱ्या माणसाकडून करून घेऊ नका. तुमचाच गळा दोनदा गातो तेव्हा जो दाटपणा येतो तो दुसऱ्याच्या गळ्याने येत नाही, दोन माणसं एकत्र गात आहेत एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा ८० ते १२० मिलिसेकंदांचा एकच हलका डिले लावा, किंवा ती जोड सोडून द्या. हार्मनीच्या ओळी माणसांना वाटून द्या. आ-ऊ चा भाग कीबोर्ड किंवा व्हायोलिनवर जाऊ शकतो.

मराठी कानाला झील ओळखीची आहे. पोवाड्यात, गोंधळात मागचे झीलकरी मुख्य गायकाची ओळ त्याच सुरात उचलून धरतात. हार्मनीत शब्द तेच, पण सूर वेगळा, आणि तो शेवटपर्यंत वेगळाच ठेवावा लागतो. झिलीची सवय असलेला चांगला गळा तिसऱ्या ओळीला नकळत मुख्य सुरावर घसरतो. त्यावर उपाय असा: त्याला आधी त्याची ओळ एकट्याने, स्वतंत्र चाल म्हणून पाठ करायला लावा. मग कीबोर्डवर मुख्य ओळ वाजवत त्याची ओळ गाऊन घ्या. तुम्ही गाणारे सर्वांत शेवटी.

मग येतात व्यंजनं. 'रात' हा शब्द तिघांनी गायला आणि शेवटचा त तिघांचा तीन वेगळ्या क्षणी पडला, तर माईकमधून त-त-त असं ऐकू येतं. 'वाट', 'हाक', 'काच', सगळ्यांचं तेच. म्हणून शेवटचं व्यंजन फक्त मुख्य गायकाने म्हणायचं. बाकीच्यांनी 'रा' वर स्वर धरायचा आणि तिथेच आवाज विरू द्यायचा. श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा शब्दांच्या कागदावर पेन्सिलने करा, आणि दोघांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचा नाही हेही ठरवा. एवढं केलं की तीन माणसांचा आवाज पाच जणांचा वाटायला लागतो.

पट्टी पुन्हा तपासा. घरी रात्री अकरा वाजता, शेजारी उठू नयेत म्हणून पातळ वरच्या आवाजात, फॉल्सेटोत गायलेलं गाणं मंचावर नवव्या क्रमांकाला येतं तेव्हा गळा थकलेला असतो. काळी चारचं गाणं काळी तीनला आणलं की दोन अर्धस्वर उतरतात. कॅपो दोन घरं खाली, गिटारवाल्याला काहीच बदलावं लागत नाही. बासवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला मात्र आधी सांगा.

लयीचा घोळ वेगळाच असतो. क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोमचा ठोका न लावता, घरी केलेलं गाणं सहसा ६८ ने सुरू होतं आणि शेवटी ७४ ला पोचतं. ढोलवादक आला की तो ते ७१ ला घट्ट बांधतो आणि गाणं मरतं. कारण कोणालाच कळत नाही, दोष सगळे मिळून साउंडला देतात. पहिल्या पाच तालमी क्लिक न लावता करा आणि ढोलवादकाला अशा जागी बसवा की त्याला तुमचा उजवा हात दिसेल. कान नंतर येतो, आधी डोळा. गाणं शेवटच्या कडव्यात पुढे सरकतं तिथे त्यानेही सरकायचं. क्लिक हवाच असेल तर गाण्याच्या मूळ चढणीचा नकाशा करून तो क्लिक लावा.

लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र) आणि लॅपटॉपवरचे तयार ट्रॅक पहिल्या दहा कार्यक्रमांत टाळा. लूपरची सुरुवात थोडी जरी चुकली तरी पुढची चार मिनिटं सगळ्यांना त्या चुकीबरोबर वाजवावं लागतं. व्हर्ननने एका गाण्याच्या शेवटी आवाजांचा जो डोंगर रेकॉर्डवर रचला होता, तो मंचावर प्रेक्षकांकडून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन उभा केला. यंत्रापेक्षा हे स्वस्त आहे. फक्त ती ओळ चार-पाच शब्दांची हवी आणि प्रेक्षकांच्या पट्टीत बसायला हवी.

तालमीचं गणित: ४५ मिनिटांच्या कार्यक्रमात चार मिनिटांची नऊ गाणी, म्हणजे ३६ मिनिटं. ट्यूनिंग बदलायला दोन वेळा दीड मिनिट. उरली सहा मिनिटं बोलायला आणि टाळ्यांना. नऊ गाणी बसवायला तीन-तीन तासांच्या सात-आठ तालमी पुरतात, पण शेवटच्या दोन तालमींत न थांबता, चुका झाल्या तरी अख्खा कार्यक्रम उभ्याने करा. एकाच ट्यूनिंगची गाणी लागोपाठ ठेवा. ओपन सी वरून सरळ ट्यूनिंगला जाऊन पुन्हा ओपन सी ला यायचं असेल तर दुसरी गिटार आणा. लगेच खाली-वर केलेली तार पुढच्या गाण्याच्या मध्यावर सरकते.

मंचावर

साउंडवाल्याला चॅनेलची यादी दोन दिवस आधी पाठवा. चार माणसांसाठी ती साधारण अशी असते: १ किक, २ स्नेअर, ३ ओव्हरहेड (ढोलाच्या वरचा माईक), ४ बास डीआय (वाद्य सरळ मिक्सरला जोडणारा डबा), ५ अकूस्टिक गिटार डीआय, ६ इलेक्ट्रिक गिटारच्या अँपसमोरचा माईक, ७ आणि ८ कीबोर्ड, ९ मुख्य आवाज, १० ते १२ बाकी तीन आवाज. सोबत कोण कुठे उभा राहणार याचं हाताने काढलेलं चित्र. ओव्हरहेडचा कंडेन्सर माईक आणि ॲक्टिव्ह डीआय यांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, तेही यादीत लिहा.

अकूस्टिक गिटार घुमते ती तिच्या पोटातल्या हवेमुळे. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये ती घूम साधारण १०० हर्ट्झजवळ असते, वरच्या फळीची २०० च्या आसपास. उपाय याच क्रमाने करा: आधी गिटारच्या भोकात रबरी झाकण, मग मॉनिटरमधून (मंचावरच्यांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधून) गिटार कमी, आणि तरीही घुमली तर त्या फ्रिक्वेन्सीवर बारीक कापणी. आधीच ईक्यू (वर-खालचे सूर कमी-जास्त करणारी बटणं) फिरवून खालचे सूर कापले तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकवर ठरतं. एसएम ५८ कार्डिऑइड आहे, त्याला सर्वांत कमी ऐकू येतं ते बरोबर पाठीमागून. म्हणून मॉनिटर सरळ माईकच्या मागे, गायकाच्या समोर. बीटा ५८ सुपरकार्डिऑइड आहे, त्याचे बहिरे कोन मागच्या दोन बाजूंना असतात. तिथे मॉनिटर सरळ मागे ठेवला तर शिट्टी येणारच. तो थोडा बाजूला सरकवावा लागतो. चौघांकडे चार प्रकारचे माईक असतील तर हा घोळ चारदा होतो. सगळ्या गायकांसाठी एकाच जातीचे माईक मागा.

फॉल्सेटो मुळात हळू असतो. माईकचा गेन वाढवावा लागतो आणि त्यात ढोल शिरतो. ढोलवादकाला 'हळू वाजव' म्हणून उपयोग नाही, कारण काठीने हळू वाजवलं की लय ढिली पडते. काठी बदला: ब्रश, बारीक काड्यांच्या जुडग्या किंवा नमद्याच्या गोळ्याची काठी. स्नेअरवर पातळ रुमाल टाका. झांजा दोनवरून एकावर आणा.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कार्यक्रम असेल तर लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर येतात आणि बोटं दुखतात. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि कार्यक्रमाच्या जागी गिटार तासभर आधी बाहेर काढून ठेवा, तिला हवा लागू द्या. मगच ट्यून करा.

पैसा आणि कागद

हे बोलणं पहिल्या सुपारीच्या आधी व्हायला हवं. तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि लोक ते एकात मिसळतात. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा. चालीचा हक्क ती बांधणाऱ्याचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्याने ते पुढाकाराने आणि जबाबदारीने करवून घेतलं त्याचा. बँड जमायच्या आधीची गाणी असतील तर तिन्ही तुमचे. नंतरच्या गाण्यांसाठी प्रत्येक गाण्यापुरता एका पानाचा कागद करा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, तारीख, सगळ्यांच्या सह्या. हे गाणं पूर्ण झालं त्याच आठवड्यात करायचं. वर्षभराने प्रत्येकाला आपला वाटा मोठा आठवतो, आणि कोणी खोटं बोलत नसतं!

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याशिवाय कोणाला देऊन टाकता येत नाही. तेव्हा लेबलच्या करारात 'सर्व हक्क कायमचे' असं वाचून घाबरू नका, पण वाचल्याशिवाय सहीही करू नका.

नाव तुमच्याकडे ठेवणार असाल तर ते साथीदारांना पहिल्या भेटीतच सांगा आणि त्याच्या बदल्यात जोखीमही घ्या. तोट्यातला कार्यक्रम तुमचा, साथीदारांचं मानधन ठरलेलं. नाव सगळ्यांचं करायचं असेल तर भागीदारीचा करार करा. करार न करता सगळे मिळून कमाई वाटत राहिलात तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वाटे समान धरले जाऊ शकतात. गाणी एकट्याची, मेहनत तिघांची आणि वाटे समान, यात कोणीतरी नाराज होणारच.

मानधनाचं एक उदाहरण. ठरले ६०,००० रुपये. प्रवास आणि जेवण १४,०००, साउंड इंजिनिअर ६,०००, तालमीची खोली ४,०००. उरले ३६,०००. त्यातले ६,००० तारा, केबल आणि पुढच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात. राहिले ३०,०००, त्याचे पाच वाटे: चौघांना एकेक आणि प्रकल्प चालवणाऱ्याला एक जास्तीचा. वाटा ६,००० चा. आता आयोजकाने १० टक्के टीडीएस कापून बँकेत ५४,००० टाकले. इथे चूक होते ती अशी की वाटणी ५४,००० ची केली जाते. कापलेले ६,००० ज्याच्या पॅनवर जमा झाले त्यालाच ते करात वळते मिळणार आहेत. म्हणून हिशोब ६०,००० चाच करायचा. खर्च, डबा आणि तिघांचे वाटे दिल्यावर पॅनवाल्याच्या हाती ६,००० रोख राहतात आणि ६,००० टीडीएसमध्ये, म्हणजे त्याचे दोन वाटे पूर्ण. तिघांकडून पावत्या घ्या, नाहीतर कागदावर सगळं उत्पन्न त्याचं एकट्याचं दिसेल.

सुपारी पक्की धरायची ती निम्मी रक्कम आगाऊ आल्यावरच.

दुसरा अल्बम

पहिला अल्बम तुम्ही बँडशिवाय केला, दुसरा बँड असताना करायचा आहे. साथीदारांना वाटतं आता सगळे मिळून लिहू. तुम्हाला वाटतं मी लिहून आणतो. दोन्ही चालतं, पण कोणतं ते आधी सांगा. व्हर्ननने विस्कॉन्सिनमधल्या फॉल क्रीकजवळ जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत 'एप्रिल बेस' नावाचा स्टुडिओ उभारला. २०११ चा अल्बम तिथे झाला. गाण्यांची दिशा त्याच्याकडेच राहिली, पण सॅक्सोफोन, पेडल स्टील, तंतुवाद्यं यांसाठी त्या त्या वाद्यात मुरलेली माणसं आली, आणि त्यानंतरच्या दौऱ्यावर नऊ जणांचा ताफा होता. म्हणजे रेकॉर्डसाठी एक वर्तुळ, मंचासाठी दुसरं, आणि दोन्हींत असणारी मोजकी माणसं. ज्यांच्याकडे स्टुडिओ नाही त्यांनाही ही रचना जमते: आधी घरी एकट्याने कच्ची गाणी, मग चार दिवस साथीदारांबरोबर एका खोलीत, मग पुन्हा एकट्याने निवड. मधल्या चार दिवसांत काहीही खोडायचं नाही, सगळं रेकॉर्ड करत राहायचं.

कोणी सोडून जाणार असेल तर दोन कार्यक्रमांची आगाऊ सूचना आणि त्याच्या भागांची वही, एवढं पहिल्याच कागदात लिहून ठेवा. त्या वहीत गाण्यागणिक त्याचा हार्मनीचा सूर, वाद्यावरची सेटिंग, कुठे थांबायचं, कुठे तुमच्याकडे बघायचं हे सगळं हवं. नवा माणूस येईपर्यंत तेवढे कार्यक्रम तिघांनी करा. चौथ्याची हार्मनी सोडा, बासचा खालचा सूर कीबोर्डच्या डाव्या हाताला द्या आणि साउंडवाल्याला नवी यादी पाठवा: बास आणि एक आवाज गेला, चॅनेल १२ वरून १० वर आले.